म्हणे, ‘काही होत नाही हो काका’

सकाळपासून डोकं फिरलंय. शेजारच्या प्लॉटवर जुनी शेड पाडतायत. सिमेंटचे पत्रे पोरं हातोड्याने फोडतायत, उरलेले कटरने कापतायत. ठेकेदाराला म्हटलं, निदान पाणी तरी मारा, धूळ उडणार नाही. तर म्हणे, “काही होत नाही हो काका, सिमेंटच आहे.”

नुसतं सिमेंट कसलं डोंबलाचं! आत क्रायसोटाइल आहे, पांढरं ॲस्बेस्टॉस. खडकातून निघतं आणि कापसासारखं पिंजता येतं. तंतू इतके बारीक की दिसत नाहीत, फुप्फुसात रुतून बसतात आणि दुखणं डोकं वर काढतं वीस, तीस, चाळीस वर्षांनी. तोवर कुठला ठेकेदार नि कुठली शेड!

माझे मामा अशाच पत्र्यांच्या कारखान्यात होते. घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या, आणि मामी त्यांचे कपडे दारातच झटकायची. तीही तीच धूळ खात होती. पुढे मामांना जिना चढवेना. डॉक्टर विचारायचे, बिडी किती ओढता? मामांनी जन्मात बिडीला हात लावला नव्हता.

१९८६ पासून आपल्याकडे ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे भाडेपट्टे देणं बंद. का, तर घातक! मग रशियातून, ब्राझीलमधून जहाजं भरभरून आणतो ते काय अमृत आहे? ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आपल्या देशात त्यावर बंदी घातली, तरी तिथला माल आपल्याला येतोच. कॅनडानेही वर्षानुवर्षं आपल्याला विकलं, २०१८ मध्ये स्वतःकडे बंदी घातली आणि आता तिथल्या ॲस्बेस्टॉस नावाच्या गावाने नावसुद्धा बदलून टाकलंय. आपण मात्र गिऱ्हाईकच.

१९९५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा कामगारांच्या तब्येतीच्या नोंदी ४० वर्षं जपा. मामांची एक चिठ्ठी दाखवा मला कुणीतरी.

हो, मान्य आहे. पत्रा स्वस्त पडतो, टिनाइतका तापत नाही, न फुटता डोक्यावर आहे तोवर फारसा त्रास नाही. ज्याला तेवढंच परवडतं त्याच्यावर माझा राग नाहीच.

दुपारी त्या पोरांना पाणी द्यायला गेलो. तोंडाला नुसता रुमाल, आणि भुवया मामांसारख्याच. एकाला सगळं समजावलं. तो शांतपणे म्हणाला, “काका, मग आजची हजेरी कोण देणार?” यावर काय बोलणार?

उद्याही तोडकाम आहे. आमच्या नळाला लांब पाइप जोडून ठेवलाय. ठेकेदार नको म्हणाला तरी मी पाणी मारणार. सोसायटीवाले भांडकुदळ म्हणतील, तर म्हणोत.