होमरच्या तराजूतली लोकर

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीने इलियड, म्हणजे ट्रॉयच्या लढाईवरचं होमरचं प्राचीन ग्रीक महाकाव्य, वाचायला घेतलं. तिला घरातल्या कुणीतरी सल्ला दिला, "त्या लांबलचक उपमा गाळून वाच. गोष्ट भराभर पुढे सरकते." तिने मला विचारलं, गाळू का? मी फोनवर जे बडबडले ते तिला किती कळलं देव जाणे, म्हणून इथे नीट लिहिते.

आधी कबुली. माझं प्राचीन ग्रीक तोडकंमोडकं आहे. एका बाजूला कोश, दुसऱ्या बाजूला दोन इंग्रजी भाषांतरं, अशी कसरत करत एका बैठकीला वीसेक ओळी होतात. आणि त्या सल्ल्यात अजिबात तथ्य नाही, असंही नाही. इलियड म्हणजे २४ सर्ग, १५ हजारांहून जास्त ओळी, आणि त्यातला मोठा भाग कोणी कोणाला कुठे भाला खुपसला याचा हिशेब आहे. छातीत, जबड्यात, बेंबीशेजारी. हे सगळं ऐन रंगात आलेलं असताना कवी मधेच "जसा एखादा..." म्हणतो आणि पाच-सहा ओळी भलतीकडेच निघून जातो. वाचणाऱ्याचा पाय अडखळतो हे खरंच.

शाळेत आपल्याला उपमेचे चार भाग पाठ करायला लावले होते, आठवतंय? उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. मुख चंद्रासारखं सुंदर, झालं, दोन मार्क खिशात. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्यांना तर एकामागून एक येणाऱ्या दृष्टांतांची सवयच असते. पण तिथला दृष्टांत मुद्दा उलगडून सांगायला येतो आणि काम झालं की बाजूला होतो. होमरचं उपमान काम झाल्यावरही जात नाही. साधारण धर्म मागेच राहतो आणि उपमान आपलं स्वतःचं आयुष्य जगायला लागतं. माझ्या मते तीच त्याची खुबी, आणि गाळू नये ते नेमकं तेच.

चौथ्या सर्गातला सिमोइसियस घ्या. ट्रॉयच्या बाजूचा कोवळा पोरगा. आई डोंगरावरून उतरत असताना सिमोइस नदीच्या काठी जन्मला, म्हणून हे नाव. ग्रीक वीर अजॅक्सचा भाला छातीत शिरून खांद्यातून बाहेर येतो आणि तो धुळीत पडतो, पॉप्लरच्या झाडासारखा. इथे थांबायला हरकत नव्हती. पण कवी सांगत राहतो. हे झाड दलदलीच्या कुरणात वाढलंय, खोड गुळगुळीत आहे, फांद्या फक्त शेंड्याला. रथ बनवणाऱ्या सुताराने ते चकचकीत लोखंडाने तोडलंय, वाकवून चाकाचा घेर करण्यासाठी. आणि आता ते नदीच्या काठावर वाळत पडलंय.

पोरगा नदीकाठी जन्मला आणि झाड नदीकाठी पडलं. वर त्या झाडाचं होणार काय, तर रथाचं चाक. मेलेल्या पोराची उपमासुद्धा शेवटी लढाईच्याच कामाला लागणार. हे कवीने मुद्दाम केलं की ओघात झालं, यावर वाद घालता येईल. मला मुद्दाम वाटतं.

त्याच सर्गात, जरा आधी, मेनेलाउस या ग्रीक राजाला बाण लागतो. त्या एका बाणाच्या वाटेवर दोन उपमा आहेत. अथीना देवी तो बाण जरासा बाजूला वळवते, जशी आई गाढ झोपलेल्या लेकरावरची माशी हाकलते. मग बाण कमरपट्ट्यातून आत घुसून कातडी खरचटतो आणि रक्त मांड्यांवरून घोट्यापर्यंत ओघळतं. ते कसं, तर मेओनियाची किंवा कारियाची एखादी बाई हस्तिदंत जांभळ्या रंगात रंगवते तसं. घोड्याच्या गालावर बसवायचा तो दागिना कोठारात ठेवलेला आहे, कितीतरी स्वारांचा त्यावर डोळा आहे, पण तो राजासाठीच राखलेला आहे. एक जखम, आणि तिच्यात आई, झोपलेलं मूल, माशी, रंगारीण आणि कोठारातला दागिना.

ही माणसं पाहा एकदा. रणांगणावरच्या बहुतेकांना नाव असतं, बापाचं नाव असतं, बऱ्याचदा गावही असतं. उपमेतल्या माणसाला नाव नाही. तिथे मेंढपाळ आहेत, लाकूडतोडे आहेत, कातडं कमावणारे आहेत. सतराव्या सर्गात अकिलीसच्या जिवलग मित्राचं, पॅट्रोक्लसचं, प्रेत दोन्हीकडून ओढलं जातं, ते तेलातुपाने माखलेलं बैलाचं कातडं चौफेर ताणणाऱ्या माणसांसारखं. शेतात घुसलेलं हट्टी गाढव आहे, पोरं त्याच्या पाठीवर काठ्या मोडतात आणि ते पोट भरल्याशिवाय हलत नाही. हा अजॅक्स बरं का, ग्रीकांचा अकिलीसनंतरचा सर्वांत मोठा वीर. समुद्रकाठी वाळूचा खेळ मांडणारं आणि हातापायांनी मोडून टाकणारं मूल आहे. ग्रीकांनी घाम गाळून उभारलेला तट अपोलो देव तसाच मोडतो. आणि आईच्या मागे पळत, तिचा पदर धरून "उचल ना" म्हणत रडणारी चिमुरडी आहे. अकिलीस हे पॅट्रोक्लसला म्हणतो, थोडं चिडवत, थोड्या मायेने. पॅट्रोक्लस त्याच दिवशी मरणार आहे. (पदर हा माझा. ग्रीक बाईचा झगाच असतो. पण ओढणारा हात तोच.)

नाव आणि वंशावळ नसलेल्यांना या काव्यात शिरायला मुख्य दार एकच आहे, उपमा. म्हणून "उपमा गाळ" म्हटलं की मला राग येतो. निम्मं जग गाळायला सांगताय तुम्ही.

आता शेतीबद्दल, कारण तिथे मी हळवी होते. विसाव्या सर्गाच्या शेवटी अकिलीसच्या रथाचे घोडे प्रेतं आणि ढाली तुडवत धावतात आणि रथाचा आस रक्ताने माखतो. उपमा काय? खळ्यावर पांढरे जव मळायला रुंद कपाळाचे बैल जुंपावेत आणि त्यांच्या पायांखाली दाणे सुटावेत. लहानपणी आजोळी तिवड्याभोवती फिरणारे बैल पाहिलेत मी, तोंडाला मुसकी बांधलेले. सबंध वर्षातला सगळ्यात आनंदाचा आठवडा असायचा तो. होमरच्या श्रोत्यांनाही मळणी म्हणजे तेच असणार. आणि कवी नेमकं ते दृश्य घेऊन माणसांच्या अंगावर घालतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटलं होतं.

एकविसाव्या सर्गात ट्रॉयची स्कामांद्रोस नदी, जी देवही आहे, अकिलीसच्या मागे लागते आणि तो जीव घेऊन पळतो. देवाने माणसाचा पाठलाग केलाय, उपमा केवढी मोठी हवी! होमर म्हणतो, जसा एखादा माणूस झऱ्याचं पाणी बागेत आणतो, हातातल्या फावड्याने पाटातला गाळ काढतो, आणि पाणी एकदम सुटतं, खडे गडगडतात, उतारावर खळखळत ते पाणी नेणाऱ्यालाच मागे टाकतं. म्हणजे हा दारं धरणारा माणूस! ज्यांनी रात्री लाईट आल्यावर उठून दारं धरलीत त्यांना ही उपमा समजावून सांगायला कोणी प्राध्यापक लागणार नाही. तेराव्या सर्गात तर मेनेलाउसच्या चिलखतावरून बाण उडतो, तो उफणताना फावड्यावरून काळा घेवडा किंवा हरभरा उडावा तसा. ट्रॉयच्या लढाईत हरभरा! मी मोठ्याने हसले होते.

साच्यातल्या विशेषणांबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे. गुलाबी बोटांची उषा, चपळ पायांचा अकिलीस, मद्यवर्णी समुद्र. लोकांना होमर म्हटलं की हेच आठवतं. ग्लॅडस्टन, जो पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झाला, त्याने १८५८मध्ये होमरवर मोठा ग्रंथ लिहिला आणि रंगांचे शब्द तपासून असं मांडलं की त्या काळच्या ग्रीकांची रंगांची जाण अजून पुरती तयार झालेली नव्हती. तेव्हापासून "ग्रीकांना निळा दिसतच नव्हता" ही कंडी अधूनमधून फिरत असते. पण "मद्यवर्णी" हाच शब्द होमर बैलांनाही लावतो. समुद्र आणि बैल दोघांनाही चालणारा शब्द नुसत्या रंगाचा असेल का? झाक, चकाकी, गडदपणा, असलं काहीतरी त्यात असणार. डोळ्यांचा दोष काढण्याआधी शब्द तरी नीट बघावा.

या विशेषणांचं खरं कोडं सोडवलं मिलमन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने. १९२८च्या पॅरिसमधल्या प्रबंधात त्याने दाखवलं की कुठलं विशेषण कुठे येणार हे बरंचसं छंदात उरलेल्या जागेवर ठरतं. म्हणून अकिलीस बसलेला असतानाही "चपळ पायांचा" असतो. मग १९३३ ते १९३५ या काळात तो युगोस्लाव्हियात फिरला आणि गुस्ले हे तंतुवाद्य वाजवत वीरगाथा गाणाऱ्यांची गाणी त्याने नोंदवून घेतली. त्यांतल्या अवदो मेजेदोविच या गायकाने १२ हजारांहून जास्त ओळींचं एक गाणं तोंडी सांगितलं, म्हणजे लांबीला जवळपास होमरच्या दुसऱ्या महाकाव्याएवढं, ओडिसीएवढं. पॅरी १९३५ सालीच गेला, ३३व्या वर्षी.

ठरलेल्या शब्दबंधांवर गायक उभा राहतो, हे मला पटतं. पण लांब उपमा त्या साच्यात पुरत्या बसत नाहीत. दावं तोडून उधळलेल्या घोड्याची उपमा ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस यालाही आहे आणि त्याच्या भावाला, हेक्टरलाही, अशा काही जशाच्या तशा पुन्हा येतात, पण बहुतेक एकदाच येतात. त्यांची भाषाही बाकी काव्यापेक्षा नवी वाटते, असं काही भाषाअभ्यासकांनी मांडलंय. राजे, रथ, कांस्याच्या ढाली हे जुन्या काळाचं देणं, ते गायकाला परंपरेने मिळालं. गाढव आणि हरभरा त्याच्या स्वतःच्या गावातला. निदान मला तसंच वाटतं.

ओडिसीत लांब उपमा कितीतरी कमी आहेत. साहजिक आहे, तिथे गोष्टच घरं, बेटं, डुकरं, चुली यांच्यातून फिरते, मग साधं जग आत आणायला वेगळं दार कशाला? पण ज्या आहेत त्या जीवघेण्या आहेत. पाचव्या सर्गात ट्रॉयहून घरी निघालेला आणि बुडता बुडता किनाऱ्याला लागलेला ग्रीक वीर ओडिसियस पाचोळ्यात स्वतःला पुरून घेऊन झोपतो. शेजारपाजार नसलेल्या दूरच्या वस्तीवरचा माणूस राखेत कोलीत झाकून ठेवतो ना, तसा. विस्तव विझला तर मागायचा कोणाकडे? त्या निखाऱ्याला होमर "आगीचं बी" म्हणतो.

आणि आठव्या सर्गातली ती. परक्या राजाच्या दरबारात ओडिसियस स्वतःच गायकाला सांगतो, ज्याच्या पोटात लपून ग्रीक ट्रॉयमध्ये शिरले त्या लाकडी घोड्याचं गा. गायक गातो. ट्रॉय पडतं, कत्तल होते, आणि ज्याने ती युक्ती काढली तो विजेता रडायला लागतो. कसा? शहर राखताना पडलेल्या नवऱ्याच्या अंगावर स्वतःला झोकून देणाऱ्या बाईसारखा. तो तडफडतोय, ती हंबरडा फोडतेय, आणि मागून शत्रूचे सैनिक तिच्या पाठीवर भाले टोचत तिला गुलामीत हाकून नेतायत. अशा बाया ट्रॉयमध्ये याच माणसाने केल्या होत्या! कवी एका शब्दाने त्याला दोष देत नाही. फक्त त्याच्या डोळ्यांत तिचे अश्रू घालतो. सबंध महाकाव्यात यापेक्षा धाडसी जागा मला सापडलेली नाही.

मैत्रिणीला मी फोनवर शेवटी जी उपमा सांगितली ती मात्र इलियडमधली, बाराव्या सर्गातली. तटावर लढाई तुंबलीय, कोणाचंच पारडं झुकत नाही. जशी हातावर पोट असलेली एखादी प्रामाणिक बाई तराजू धरते, एका पारड्यात वजन, दुसऱ्यात लोकर, दोन्ही अगदी समान करते, पोरांसाठी तुटपुंजी मजुरी मिळावी म्हणून. ती विधवा आहे असं कवी म्हणत नाही. पण नवरा त्या ओळींत कुठेच नाही. आणि लगेच पुढच्या ओळींत देवांचा राजा झ्यूस पारडं झुकवतो, हेक्टरच्या बाजूला.

त्या मजुरीला जो शब्द आहे, "आएइकेस", तो मी कोशात पाहिला. न शोभणारं, लाजिरवाणं, हलकं. अकिलीस हेक्टरच्या प्रेताचे जे हाल करतो त्याला हाच शब्द आहे. आणि शेवटच्या सर्गात हेक्टरच्या प्रेतापाशी त्याची बायको अँड्रोमकी आपल्या तान्ह्या मुलाला म्हणते की आता तुला कुठल्यातरी निर्दय धन्यासाठी अशीच कामं करावी लागतील, तिथेही हाच.

बाविसाव्या सर्गात ती घरात आत मागावर आहे. जांभळं वस्त्र विणतेय, त्यात फुलं भरतेय. दासींना सांगून ठेवलंय, चुलीवर मोठं भांडं चढवा, हेक्टर लढाईवरून आला की त्याला ऊन पाण्याची आंघोळ हवी. तटाकडून रडण्याचा आवाज येतो आणि तिच्या हातातला धोटा खाली पडतो.