चॅम्पियन झालो म्हणजे पुढचा सीझन पण आपलाच? थांबा जरा

फुटबॉलची लीग संपली, ट्रॉफी उचलून झाली की दोन दिवसांत तो मेसेज फिरायला लागतो. दरवर्षी तोच, फक्त टीमचं नाव बदलतं. साधारण असा असतो: "पुढचा सीझन पण आपलाच. टीम तीच, कोच तोच. दुसरा नंबरवाला इतका मागे राहिलाय की वर्षभरात गॅप भरणं शक्यच नाही. आता चॅम्पियन्स लीगचा (युरोपातल्या टॉप क्लबांची स्पर्धा) पैसा येणार. समोरचे नुसत्या नावाला घाबरणार. मँचेस्टर सिटीने सलग चार लीग काढल्या, आपण का नाही? जिंकणाऱ्या टीमला हात लावू नका, बस. आणि अगदीच वाईट झालं तरी टॉप फोर कुठे जात नाही."

आधीच कबूल करतो, मी स्वतः २०२० च्या जुलैमध्ये लिव्हरपूल ९९ पॉइंट्स घेऊन जिंकली तेव्हा जवळजवळ हेच सगळ्यांना ऐकवत फिरत होतो. त्यामुळे यातला निम्मा राग माझ्यावरच आहे.

एकेक मुद्दा घेऊया, पण त्याआधी साधी मोजणी. इंग्लंडची प्रीमियर लीग १९९२ ला सुरू झाली, तिथपासून २०२३-२४ पर्यंत ३२ चॅम्पियन झाले, म्हणजे पुढच्या वर्षी टायटल राखायचे ३२ चान्स. जमलं कितीदा? ११ वेळा. त्यात मँचेस्टर युनायटेड ६, सिटी ४, चेल्सी १. बाकी कुणाला एकदाही नाही. आर्सेनलने २००३-०४ ला अख्खा सीझन एकही मॅच न हरता काढला, तरी पुढच्या वर्षी चेल्सीने ९५ पॉइंट्स केले आणि आर्सेनल ८३ वर, दुसरी. म्हणजे "आपलाच" म्हणणाऱ्याचा हिशोब तीनात एक असा आहे, आणि तो एक पण बहुतेक वेळा युनायटेडचा मॅनेजर फर्ग्युसन नाहीतर सिटीचा मॅनेजर पेप असणारा.

आता "टीम तीच, कोच तोच".

यात गृहीत काय धरलंय बघा, की गेल्या वर्षी जे झालं ते टीमची नेहमीची लेव्हल होती. बहुतेकदा ती नेहमीची लेव्हल नसते, ते त्यांचं सगळ्यात चांगलं वर्ष असतं. सगळे फिट, सगळे फॉर्मात, शेवटच्या मिनिटाचे गोल आपल्या बाजूने. जर्मनीची बायर लेव्हरकुसेन २०२३-२४ घ्या, ३४ मॅचमध्ये २८ विन, ६ ड्रॉ, हार शून्य, ९० पॉइंट्स, आणि कितीतरी मॅच त्यांनी इंज्युरी टाइममध्ये वाचवल्या किंवा काढल्या. पुढच्या वर्षी कोच अलोन्सोच, व्हिर्ट्झ, झाका, ताह, फ्रिम्पाँग, ग्रिमाल्डो सगळे जागेवर. किती मॅच हरले? फक्त तीन. तरी ६९ पॉइंट्सवर अडकले आणि बायर्न ८२ वर निघून गेली. कारण ६ चे ड्रॉ १२ झाले. टीम कोसळली वगैरे काही नाही, जो बॉल आदल्या वर्षी ९३ व्या मिनिटाला आत जात होता तो यावर्षी पोस्टला लागला, एवढंच. टायटल असं पण जातं, आणि असं गेलं की कुणाला शिव्या द्यायच्या तेही कळत नाही.

आणि कोसळायचंच असेल तर चेल्सी २०१५-१६ आहे. मॅनेजर मोरिन्यो तोच, पहिली अकरा जवळपास तीच. आदल्या वर्षी ३८ मॅचमध्ये फक्त ३ हरलेली टीम, यावर्षी पहिल्या १६ मध्ये ९ हरली, आणि डिसेंबरमध्ये मोरिन्योला घरी पाठवलं तेव्हा ती रेलिगेशन झोनच्या (खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलणाऱ्या तळाच्या जागा) एक पॉइंट वर होती. हॅझार्ड, जो आदल्या सीझनचा बेस्ट प्लेअर होता, त्याने लीगमधला पहिला गोल एप्रिलमध्ये मारला. एप्रिलमध्ये! माणूस तोच, जर्सी तीच. त्यामुळे "तीच टीम" या दोन शब्दांवर मी तरी पैज लावणार नाही.

"गॅप इतकी मोठी आहे की भरणार नाही."

हा मुद्दा तर ऑगस्टमध्येच संपतो कारण टेबल शून्यावर येतं. पण लोकांच्या डोक्यातून तो मेचा टेबल जात नाही. २०१९-२० ला लिव्हरपूल ९९, सिटी ८१, गॅप १८. पुढच्या वर्षी सिटी ८६, लिव्हरपूल ६९. म्हणजे १८ पुढे होते ते १७ मागे गेले, एका वर्षात. झालं काय तर ऑक्टोबरमध्ये एव्हर्टनविरुद्ध सेंटर बॅक (बचावाच्या मधला खेळाडू) व्हॅन डाइकचा गुडघा गेला, नोव्हेंबरमध्ये गोमेझ गेला, जानेवारी संपता संपता माटिप गेला, मग फाबिन्यो आणि हेंडरसनला मिडफिल्डमधून काढून मागे उभं केलं. आता मागे सेंटर बॅक नाही हे दिसतं, पण मिडफिल्ड पण त्याच वेळी रिकामं झालं हे पटकन लक्षात येत नाही, आणि खरा मार तिथे बसला. अ‍ॅनफिल्डवर ६८ लीग मॅच न हरलेली टीम तिथेच सलग ६ हरली, रिकाम्या स्टेडियममध्ये. वेस्ट ब्रॉमविरुद्ध गोलकीपर अ‍ॅलिसनने येऊन हेडर मारला म्हणून पुढच्या चॅम्पियन्स लीगची आशा तरी राहिली. मी ती मॅच बघताना ओरडलो होतो, आणि नंतर विचार केला, गेल्या वर्षीचे चॅम्पियन आपण, आणि चौथ्या नंबरासाठी गोलकीपरच्या गोलवर उड्या मारतोय.

"युरोपचा पैसा येणार." येणार, बरोबर. पण पैशाबरोबर मॅच पण येतात ना. २०२४-२५ पासून चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या टप्प्यात सहाऐवजी आठ मॅच झाल्या, आणि पहिल्या आठात नाही आलात तर बाद फेरीच्या आधी अजून दोन. या सगळ्या मंगळवारी-बुधवारी, प्रवास करून, आणि शनिवारी परत लीग. जी टीम आधीच्या वर्षी युरोपमध्ये नव्हती आणि जिंकली, तिला हे सगळ्यात जड जातं. चेल्सी २०१६-१७, युरोप नाही, आठवडाभर प्रॅक्टिस, ३८ पैकी ३० मॅच काढल्या, ९३ पॉइंट्स. पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीग आली आणि लीगमध्ये ७० पॉइंट्स, पाचवा नंबर. (सगळा दोष कॅलेंडरचा नाही हे मान्य. २० गोल मारलेल्या डिएगो कोस्टाला मॅनेजर कॉन्टेने मेसेज पाठवून तू प्लॅनमध्ये नाहीस असं कळवलं, हे कोस्टानेच सांगितलेलं. असं कोण करतं?)

लेस्टर पण बघा. २०१५-१६ ला युरोप नव्हतं, दोन्ही कपमधून लवकर बाहेर, त्यामुळे मॅनेजर रानिएरीला दर शनिवारी जवळपास तीच अकरा उतरवता आली. जिंकल्यावर पैसा आला, स्लिमानीला क्लबच्या तोपर्यंतच्या सगळ्यात मोठ्या किमतीला घेतलं, मुसा आला, मेंडी आला. पण मिडफिल्डर कांटे चेल्सीला गेला. बाकी दहाच्या दहा राहिले तरी ते एक भोक तीन जणांनी मिळून बुजलं नाही. चॅम्पियन्स लीगमध्ये बाद फेरी गाठली आणि इकडे लीगमध्ये रेलिगेशनच्या एक पॉइंट वर, फेब्रुवारीत रानिएरीची नोकरी गेली, ट्रॉफीला वर्ष पण झालं नव्हतं. पैसा आला याचा अर्थ बरोबर माणूस आला असा होत नाही, आणि चॅम्पियन टीमला तर बाजारात प्रत्येक जण वरची किंमत सांगतो कारण खिसा गरम आहे हे सगळ्यांना माहीत असतं.

बरं, "समोरचे नावाला घाबरणार".

घाबरणार म्हणजे काय करणार? मागे बसणार. आणि तुमचा अख्खा गेम जर समोरच्याने पुढे यावं यावरच उभा असेल तर त्या घाबरण्याचं करायचं काय? लेस्टरचा खेळ हाच होता, बॉल तुम्ही घ्या, आम्ही हिसकावतो आणि स्ट्रायकर वार्डीला मागच्या मोकळ्या जागेत पळवतो. चॅम्पियन झाल्यावर कुणी ती जागा ठेवलीच नाही. बॉल लेस्टरच्या पायात दिला आणि म्हणाले, घ्या, करा आता काय करायचं ते. पुढच्या सीझनची पहिलीच मॅच हल सिटीविरुद्ध, नुकतीच वर आलेली टीम, कायमचा मॅनेजर नाही, फिट सीनियर प्लेअर जेमतेम टीम उतरवण्याइतके, आणि लेस्टर २-१ हरली. वर्षभरानंतर चेल्सी पण चॅम्पियन म्हणून उतरली आणि घरच्या ग्राउंडवर बर्नलीकडून ३-२ हरली. नाव छातीवर होतं दोघांच्याही. उलट प्रत्येक छोट्या टीमसाठी चॅम्पियनविरुद्धची मॅच म्हणजे वर्षातली मोठी मॅच होऊन बसते.

आता शेवटून दुसरा, आणि हाच सगळ्यात जास्त लाइक मिळवतो: "सिटीने चार काढल्या, जिंकणाऱ्या टीमला हात लावू नका." अहो, पण सिटीने हात लावला म्हणून काढल्या! २०२२ ला लीग जिंकली आणि त्याच उन्हाळ्यात स्टर्लिंग, जेझुस, झिन्चेन्को तिघांना विकलं, हालांड आणला, त्याने ३६ गोल मारून लीगचा रेकॉर्ड केला. फर्ग्युसनने १९९३ ला टायटल जिंकल्यावर काय केलं? रॉय कीनला ३७.५ लाख पाउंडला आणलं, तेव्हाचा ब्रिटिश रेकॉर्ड, आणि मिडफिल्ड आधीच चांगलं होतं तरी. पुढची लीग पण घरात.

मग सिटीने हात कधी लावला नाही? २०२४ ला. चौथी जिंकल्यावर साविन्यो घेतला, गुंडोगनला परत आणलं, संपलं. पण मिडफिल्डर रोड्रीच्या जागी कोण, याचं उत्तर नव्हतं, आणि हे काही गुपित नव्हतं, कारण २०२३-२४ मध्ये सिटी लीगमध्ये ज्या तीन मॅच हरली त्या तिन्हींत रोड्री नव्हता. सप्टेंबरमध्ये आर्सेनलविरुद्ध त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं. नोव्हेंबर उजाडला आणि लीगमध्ये सलग चार हार. जानेवारीत धावपळ करून मार्मूश, खुसानोव, व्हितोर रेइस, निको गोन्झालेझ असे चार जण एकदम आणले, पण ९१ चे ७१ पॉइंट्स झालेच.

हात लावा म्हणजे सगळं घर मोडून टाका असं पण नाही हां. १९६८ ला न्यूर्नबर्ग जर्मनीत चॅम्पियन झाली, कोच माक्स मर्केलने जिंकलेली टीमच विस्कटली, २५ गोल मारणारा ब्रुंग्स हेर्थाला जाऊ दिला, नव्यांची फौज आणली, आणि पुढच्या सीझनला टीम खालच्या डिव्हिजनमध्ये. मर्केल तर सीझन संपायच्या आतच गेला. इटलीची नापोली २०२३ पण त्यातलीच, कोच स्पालेट्टी गेला, मागे किम गेला, वर्षात तीन कोच झाले, पहिल्या नंबरवरून दहाव्या. म्हणून कोणी "पुढच्या वर्षी काय होईल?" विचारलं तर मी ट्रॉफीचे फोटो बघत नाही, एवढंच बघतो की ज्या एका माणसाशिवाय टीम लंगडते त्याच्या मागे बेंचवर कोण बसलंय, आणि तो ऑगस्टच्या आत आलाय की जानेवारीत येणार आहे.

राहिलं "टॉप फोर तर फिक्सच". चेल्सी २०१६, दहावी. लेस्टर २०१७, बारावी. लीड्स १९९२ ची चॅम्पियन, पुढच्या वर्षी बाहेरच्या ग्राउंडवर २१ पैकी एकही मॅच जिंकली नाही, नोव्हेंबरमध्ये कँटोनाला युनायटेडला विकून टाकलं, बावीस टीममध्ये सतरावी. आणि तरी कुणाला फिक्सच वाटत असेल तर मँचेस्टर सिटी, १९३७ ची चॅम्पियन. १९३७-३८ ला अख्ख्या डिव्हिजनमध्ये सगळ्यात जास्त गोल त्यांनीच मारले, ८०. आणि रेलिगेट झाली.