दुसऱ्या उन्हाळ्याचं पाणी

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर साताऱ्याहून फोटो आला. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वीसेक माणसं एका रोपाला हात लावून उभी, आणि रोप काही दिसत नाही. काकांनी लगेच लिहिलं, "खड्डा गेल्या वर्षीचाच दिसतोय." मग दोन दिवस जुंपली. एक बाजू म्हणे, कुणी काही करतंय तर नावं ठेवू नका. दुसरी म्हणे, 2019 मध्ये राज्यात 33 कोटी झाडं लावायची ठरली होती, ती कुठंयत दाखवा. शेवटी गाडी माझ्यावर आली : तुमच्या न्यूयॉर्कात कसं करतात गं?

न्यूयॉर्कनेही आकडाच धरला होता. 2007 मध्ये दहा लाख झाडांची मोहीम निघाली आणि 2015 मध्ये, ठरल्याच्या दोन वर्षं आधी, पुरी झाली. मला त्या दहा लाखांपेक्षा कौतुक आहे मोजणीचं. 2015 मध्येच दोन हजारांहून जास्त स्वयंसेवक रस्तोरस्ती फिरले, साडेसहा लाखांवर झाडं एकेक करून मोजली. आज ती नकाशावर आहेत. माझ्या दारातल्या झाडावर बोट ठेवलं की जात कळते, खोड किती जाड ते कळतं. आळं भुसभुशीत केलं, पाणी घातलं, अशी नोंद मलाही करता येते.

कोवळ्या झाडाच्या बुंध्याला इथं हिरवी पिशवी गुंडाळतात. तिच्यात सत्तरेक लिटर पाणी मावतं आणि तळाच्या बारीक भोकांतून ते तासन्‌तास झिरपत राहतं. आमच्या गल्लीतली एक कोरियन आजी दर शनिवारी घरातून नळी ओढत आणते, पिशवी भरते आणि वर एकदा चापट मारून बघते, आपण माठ बघतो तशी.

हे वाचून काका खूश होतील, म्हणून दुसरी बाजूही सांगते. 2012 मध्ये सँडी वादळाचं पाणी शहरात घुसलं. पुन्हा तसं होऊ नये म्हणून ईस्ट नदीकाठची बाग भर घालून उंच करायचं ठरलं, आणि त्यासाठी हजारेक मोठी झाडं तोडायला काढली. 2021 च्या डिसेंबरात करवती चालल्या तेव्हा लोक रस्त्यावर होते. झाडं गेलीच. तेव्हा इथं सगळं गोडच आहे असं नाही.

शिवाय तुलना करताना आम्ही परदेशातले एक गोष्ट सोयीस्कर विसरतो : इथं बारा महिने पाऊस पडतो. साताऱ्यात तो चार महिन्यांत उरकतो आणि पुढचे आठ महिने डोंगराला थेंब नाही. त्यात फेब्रुवारी-मार्चात कुणीतरी गवत पेटवतं, म्हणे पुढच्या वर्षी चारा चांगला येतो. दोन वर्षं जगवलेलं रोप तासाभरात काळं पडतं. म्हणजे साताऱ्यात एक झाड जगवायला इथल्यापेक्षा कितीतरी जास्त माणूसबळ लागतं. ते नाही असंही नाही. कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने 2016 चा पहिला वॉटर कप, म्हणजे गावागावांतली पाणी अडवायची स्पर्धा, श्रमदानावरच जिंकला. (आणि दिसेल तो माळ हिरवा करायचा सोसही बरा नव्हे. कासच्या सड्यावर झाडं लावत सुटलो तर फुलं कुठं जातील?)

म्हणून ग्रुपवर मी एवढंच लिहिलं : यंदा किती लावणार ते नको, तीन वर्षांपूर्वीच्यांची यादी टाका. मेलेल्यांसकट.

मला वाटलं, आता ग्रुप गप्प होणार. तासाभराने दादाने वहीच्या पानाचा फोटो टाकला. फोटोतल्या वीसांत तोही होता, हे मला माहीतच नव्हतं. चाळीस रोपं, पेनने आखलेले रकाने, दर उन्हाळ्याला एक. दुसऱ्या उन्हाळ्याच्या रकान्यात एकतीस जिवंत, तिसऱ्यात बावीस. करंजाच्या अख्ख्या ओळीपुढे लिहिलंय, "वणवा". कडेला पाण्याच्या पाळ्या : रविवार दादा, बुधवार वहिनी.

काकांचा प्रश्न आलाय, "आणि वड?"

वड आहे.