बघू

चूक माझीच होती, हे आधी कबूल करतो.

ऑगस्ट 2024 मधला शनिवार. भर दुपारी, जेवून आडवा व्हायच्या बेतात असताना बेल वाजली. दारात विशीतली एक मुलगी. उन्हाने गाल लालबुंद, हातात टॅब्लेट, छातीवर बिल्ला. नोव्हेंबरात अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी मत कुणाला देणार, असं तिने गोड आवाजात विचारलं. दारात घामाघूम उभ्या असलेल्या पोरीला 'तुला काय करायचंय' म्हणायचे संस्कार माझ्यावर नाहीत. मी मिरजेचा. आमच्याकडे गणपतीची वर्गणी मागणारी पोरं, विम्याचा एजंट, भिशीत ओढायला आलेली शेजारीण, स्थळ घेऊन आलेले लांबचे मामा, या सगळ्यांना एकच उत्तर असतं. 'बघू.' विचारणाऱ्याला कळतं की हा नाही म्हणतोय, सांगणाऱ्याला कळतं की त्याला कळलंय, आणि चहा पिऊन दोघंही मोकळे होतात.

मी त्याचं इंग्रजी केलं. "वुई विल सी."

मुलीचा चेहरा असा काही उजळला की मला माझंच कौतुक वाटलं. तिने टॅब्लेटवरच्या एका चौकोनात बोट टेकवलं आणि पुढचे अडीच महिने माझी झोप उडाली. मला वाटलं, मी तिला नाही म्हणालो. यंत्रात नोंद झाली, 'अजून ठरलेलं नाही.'

यातलं गांभीर्य कळायला मी कुठे राहतो ते सांगायला हवं. आधी न्यू जर्सीत एडिसनला होतो. तिथे समोसे, ढोकळा, कोपऱ्याकोपऱ्यावर भाऊबंद, सगळं होतं. फक्त मताला किंमत नव्हती. अध्यक्षपदासाठी न्यू जर्सी 1992 पासून दर वेळी डेमोक्रॅटिक पक्षालाच निवडते, त्यामुळे तिथल्या मतदाराकडे कुणी ढुंकून बघत नाही. दोन वर्षांपूर्वी मोठ्या परसाच्या मोहाने डेलावेअर नदी ओलांडून आम्ही पेनसिल्व्हेनियाच्या बक्स काउंटीत आलो. तासभरही लागत नाही गाडीने. पण नदीच्या अलीकडे मी घरगडी होतो आणि पलीकडे जावई झालो. त्या निवडणुकीत अख्ख्या देशात काठावरची, म्हणजे कुठल्याही पक्षाकडे झुकू शकणारी, राज्यं सात, त्यांत सगळ्यात वजनदार पेनसिल्व्हेनिया, त्यात बक्स काउंटी काठावरची, आणि त्या काठाच्या टोकावर पाय सोडून बसलेला मी.

ही भानगड आईला फोनवर समजावताना मला घाम फुटेल असं वाटलं होतं. म्हटलं, आई, इथे लोक अध्यक्षाला थेट निवडत नाहीत. प्रत्येक राज्याचे प्रतिनिधी असतात, एकूण 538. ज्याला 270 मिळाले तो जिंकला. पेनसिल्व्हेनियाचे 19. राज्यात एका मताने जरी पुढे गेलात तरी एकोणीसच्या एकोणीस तुमचे. 2016 मध्ये हिलरी क्लिंटनला देशभरात 28 लाखांहून जास्त मतं अधिक पडली आणि तरी बाई हरल्या.

"हां, म्हणजे सरपंच थेट जनतेतून नाही, सदस्यांतून," आई म्हणाली. "आपल्याकडे ते तीनदा बदललं. तुमच्याकडे अजून जुनंच चालू आहे का?"

जवळजवळ अडीचशे वर्षांच्या राज्यघटनेचा निकाल तिने भाजी निवडता निवडता लावला. चिन्हांवर मात्र ती अडली. हत्ती तिला मायावतींचा वाटतो, तो ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाकडे कसा गेला हे तिला पटेना. आणि डेमोक्रॅटिक पक्षासारखं गाढव हे चिन्ह म्हणून कुणी आपणहून घेतं यावर तर तिचा अजूनही विश्वास नाही. डेमोक्रॅटिक उमेदवार हॅरिस यांचं कमला हे नाव ऐकल्यावर "मग ती कमळाची का?" असं तिने विचारलं, तेव्हा मी रेंज गेल्याचं नाटक केलं.

आता मेसेजकडे वळतो. माझ्या दु:खाचा गाभा तिथे आहे.

माझा फोन नंबर आधी कुणा वयस्कर बाईंचा होता. बाईंनी कधीकाळी कुठल्याशा उमेदवाराला चार डॉलर दिले असावेत. त्यांचं नाव इथे सांगत नाही, आमच्या घरात त्यांना 'नंबरवाल्या काकू' म्हणतात. सप्टेंबर उजाडला आणि माझ्या फोनवर एकाच वेळी दोन धबधबे कोसळू लागले. एक काकूंच्या नावाचा, एक माझ्या. काकू एका पक्षाच्या निष्ठावंत आणि मी दुसऱ्या पक्षाच्या आशेवरचा. सकाळी सातला काकूंना विचारणा, "तुम्ही आम्हाला विसरलात का?" सात वाजून दहा मिनिटांनी मला, "तुम्ही आमच्यासोबत आहात ना?" दुपारी काकूंना धमकी, की रात्री बाराच्या आत तीन डॉलर दिले नाहीत तर लोकशाही संपली. तीन डॉलर. आमच्या इथे तेवढ्यात धड कॉफी येत नाही. आणि देशाचं भवितव्य जर खरंच त्या तीन डॉलरवर लटकलेलं असेल, तर कुणीतरी शहाण्याने देऊन का टाकले नाहीत?

भाषा बघाल तर थेट प्रेमभंगाची. 'सात वेळा लिहिलं, एकदाही उत्तर नाही.' 'मी रडवेला होऊन हे लिहितोय.' माझ्या सासऱ्यांनीसुद्धा मला इतक्या काकुळतीने कधी काही विचारलेलं नाही. नको असल्यास 'थांबा' असं उत्तर पाठवा, अशी खाली बारीक अक्षरात सोय असते. मी पाठवलं. तो नंबर थांबला आणि त्याची भावकी सुरू झाली. नको असलेल्या फोनांपासून वाचवणारी एक सरकारी यादी इथे आहे, तिच्यात नाव घातलं. मग कळलं की राजकीय फोनांना ती यादी लागूच नाही. कायदे करणाऱ्यांनी स्वत:साठी खिडकी उघडी ठेवायची, हा रिवाज सातासमुद्रापलीकडेही तसाच आहे हे पाहून घरच्यासारखं वाटलं.

बायकोला यातला काही त्रास नाही. तिने पहिल्याच दिवशी दारात आलेल्या माणसाला पक्षाचं नाव ठणकावून सांगितलं आणि दार लावलं. तिला एकाही पक्षाने पुन्हा विचारलं नाही. "स्पष्ट बोलावं माणसाने," ती म्हणते. एकवीस वर्षांच्या संसारात हे वाक्य ती दुसऱ्या संदर्भात वापरत आली आहे. ते असो.

टपालपेटीचीही तीच गत. रोज सात-आठ गुळगुळीत रंगीत कार्डं. त्यांतलं एक वाचून मात्र मी चरकलो. तुम्ही मत देता की नाही हे सर्वांना कळतं, असं त्यात सभ्य शब्दांत सुचवलेलं. चौकशी केली तर खरंच निघालं. पेनसिल्व्हेनियाची अख्खी मतदारयादी वीस डॉलर भरून मिळते. तुम्ही कुठल्या निवडणुकीला गेलात आणि कुठली बुडवलीत, सगळं तिच्यात. मत कुणाला टाकलं तेवढं गुप्त. म्हणजे शाळेचं हजेरीपुस्तक चव्हाट्यावर, फक्त पेपर तपासलेला नाही.

टीव्हीवर फ्रॅकिंग. जमिनीत खोलवर पाणी आणि रसायनं घुसवून, खडक फोडून वायू काढायची ती पद्धत. कमला हॅरिस 2019 मध्ये बंदी घालू म्हणाल्या होत्या, आता नाही घालणार म्हणाल्या. ट्रम्प तर खणायलाच उभे. क्रिकेट बघायला बसलो तरी मध्येच हेल्मेट घातलेला माणूस येऊन माझा रोजगार वाचवा म्हणायचा. मुद्दा असा की फ्रॅकिंग चालतं ते राज्याच्या पश्चिमेला आणि उत्तरेला. आमच्या डेलावेअरच्या खोऱ्यात 2021 पासून त्याला बंदीच आहे. म्हणजे कोकणातल्या माणसाला रोज सकाळ-संध्याकाळ उसाच्या दराची जाहिरात.

दहा सप्टेंबरला दोघांचा वादविवाद झाला, तोही जवळच फिलाडेल्फियात. ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये बाहेरून आलेले लोक कुत्री-मांजरं खातात, असं ट्रम्प भर कार्यक्रमात म्हणाले. तशा एकाही घटनेचा पुरावा तिथल्या अधिकाऱ्यांकडे नव्हता. पण बातमी मिरजेत सकाळच्या चहाआधी पोचली. आईचा फोन. "तू डबा घरूनच नेतोस ना रे?"

वीस ऑक्टोबरला ट्रम्प आमच्याच काउंटीत, फीस्टरव्हिलच्या मॅकडोनाल्ड्समध्ये ॲप्रन बांधून बटाटे तळायला आले. दुकान इतरांसाठी बंद आणि गिऱ्हाइकं आधीच पारखून घेतलेली. सगळीकडे भारी गवगवा झाला. मला नवल वाटेना. प्रचारात चुलीपुढे बसून भाकरी थापणारे आणि टपरीवर चहा गाळणारे पुढारी पाहत मी लहानाचा मोठा झालो. मला खरं अप्रूप वाटलं ते ट्रम्प यांच्या बाजूने उतरलेले उद्योगपती इलॉन मस्क यांचं. त्यांच्या अर्जावर सही करणाऱ्या काठावरच्या राज्यांतल्या एका मतदाराला रोज दहा लाख डॉलर. पहिला चेक हॅरिसबर्गच्या सभेत दिला, टेबलाएवढा, स्टेजवर, कॅमेऱ्यांसमोर. आपल्याकडे पाकीट कसं रात्री येतं, मागच्या दाराने, आणि देणारा-घेणारा दोघंही खाली बघतात! काहीतरी लाज असते. कोर्टात प्रकरण गेलं, चाललं, आणि बंद काही झालं नाही. आधी वाटलं होतं सोडत आहे, मग त्यांच्याच वकिलाने सांगितलं की माणसं निवडून घेतली होती. मी सही केली नाही. बायको विचारते, का नाही केलीस? याला माझ्याकडे तत्त्वनिष्ठ असं उत्तर आहे, पण ते तिला पटत नाही.

समोरच्या आजोबांच्या हिरवळीवर एका पक्षाची पाटी, शेजारच्या बाईंच्या हिरवळीवर दुसऱ्याची. मध्ये माझी हिरवळ, कपाळावर कुंकू नसल्यासारखी. दोघंही येता-जाता तिच्याकडे आशेने बघायचे. मी झेंडूच्या दोन कुंड्या ठेवल्या. आजोबांनी त्या रंगावरून काहीतरी अर्थ काढला असावा, कारण त्या दिवसापासून ते मला हात करू लागले.

कडेलोट झाला 31 ऑक्टोबरला. तिथीच्या घोळामुळे मिरजेत लक्ष्मीपूजन शुक्रवारी आणि आमच्याकडे गुरुवारी संध्याकाळी. आणि तोच दिवस हॅलोविनचा, म्हणजे पोरं भुताखेतांचे वेष घेऊन दारोदार खाऊ मागतात त्या सणाचा. दारात रांगोळी, पणत्या. आत पाटावर लक्ष्मी. बेल वाजली, सांगाडा आला, त्याला चॉकलेट. बेल वाजली, दोन चेटकिणी, त्यांना चॉकलेट. बेल वाजली, राजकारण्याचा वेष घेतलेला एक उंच माणूस. मी कौतुकाने "वा, काय सुंदर वेष!" म्हणत त्याच्या हातावरही चॉकलेट ठेवलं. तो खरा कार्यकर्ता निघाला. टॅब्लेट बघून म्हणाला, "तुमचं अजून ठरलेलं नाही, असं दिसतंय." मागे आरती थांबलेली, चिरंजीव हातात घंटा घेऊन उभे, बायकोची नजर माझ्या पाठीत. सणाच्या दिवशी दारी आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही म्हणून मी त्याला चकली दिली. त्याने ती वरच्या खिशात पेनासारखी खोचली आणि पुन्हा विचारलं, "मग?"

माझ्या तोंडून गेलं, "वुई विल सी."

आतून घंटा जरा जोरात वाजली.

मतदान 5 नोव्हेंबरला, मंगळवारी. मंगळवारच का? 1845 चा कायदा. रविवारी चर्च, बुधवारी बाजार, मधल्या दिवशी शेतकऱ्याने घोडागाडीने प्रवास करायचा. माझ्याकडे घोडा नसल्याने मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बायकोने टपालानेच मत दिलं होतं. त्यात मतपत्रिका आधी एका गुप्त लिफाफ्यात, मग दुसऱ्यात घालायची असते. आतला लिफाफा विसरलात तर तिला इथे सर्रास 'नागडी मतपत्रिका' म्हणतात आणि ती बाद होते. चिरंजीवांनी हा शब्द जेवणाच्या टेबलावर इतक्या वेळा वापरला की शेवटी मला आवाज चढवावा लागला.

आपल्याकडे मतदानाआधी 48 तास भोंगे बंद होतात, केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचार चालत नाही. पेनसिल्व्हेनियात ते अंतर दहा फूट. मी रांगेत अकराव्या फुटावर होतो तोपर्यंत दोघांनी हातात कागद दिले आणि एक मेसेज आला, काकूंना. आत गेलो, पडद्याआड उभा राहिलो आणि पंधरा सेकंदांत मत टाकलं. माझं तर जूनपासूनच ठरलेलं होतं. बोटाला शाई नाही, छातीवर स्टिकर. आईने फोनवर बोट दाखव म्हटलं, तर दाखवायला काही नव्हतं. तिला अजून शंका आहे.

रात्रभर टीव्हीपुढे जागलो. इथे निवडणूक आयोग निकाल सांगत नाही, वृत्तसंस्थाच हिशेब मांडून सांगतात. पहाटे कधीतरी पेनसिल्व्हेनिया ट्रम्पना गेलं आणि त्याबरोबर सगळंच.

सहा नोव्हेंबरला फोन गप्प. सात नोव्हेंबरलाही. कुणी रडवेलं झालं नाही, कुणाला तीन डॉलर नकोत. मी दोनदा सिग्नल तपासला. आजोबांनी पाटी उपटली आणि हात करायचं बंद केलं. संध्याकाळी अखेर फोन वाजला. काकूंसाठी होता. त्यांचा चष्मा तयार आहे म्हणे, दुकानातून घेऊन जा.

महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान वीस तारखेला होतं. त्याआधीच्या रविवारी आईला सहज विचारलं, प्रचाराला आलं होतं का कुणी?

"आली होती की पोरं. कुणाला देणार म्हणून विचारत होती."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, बघू."

मी श्वास रोखून विचारलं, "मग?"

"मग काय? चहा प्यायले आणि गेले."