सैन्यातील ‘बंदी उठली’ या संदेशाबाबत खुलासा

दारव्हा तालुक्यात सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर ‘सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने भारतीय सैन्यातील समलिंगी व्यक्तींवरील बंदी उठली’ असा संदेश फिरत आहे. न तपासता तो मीही पुढे पाठवला, याबद्दल दिलगीर आहे.

बंदी उठली ती अमेरिकेत. ओळख लपवली तरच सेवेत राहू देणारा तेथील १९९३ चा कायदा रद्द करण्याच्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी २२ डिसेंबर २०१० रोजी स्वाक्षरी केली आणि २० सप्टेंबर २०११ पासून तो संपला. आपल्याकडील ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ पुरता होता. सैन्य अधिनियम, १९५० हा स्वतंत्र कायदा असून त्याच्या कलम ४६ मधील ‘अनैसर्गिक’ वर्तनाचा गुन्हा त्या निकालाने रद्द झाला नाही. शिवाय सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार राज्यघटनेचा अनुच्छेद ३३ संसदेला देतो. जानेवारी २०१९ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनीही सैन्यात समलिंगी संबंधांना परवानगी नसल्याचे पत्रकार परिषदेत सांगितले होते.

ही बंदी योग्य की अयोग्य, हा वेगळा प्रश्न (मला स्वतःला ती योग्य वाटत नाही). परंतु चुकीच्या भरवशावर एखाद्या मुलाची नोकरी जाऊ शकते. म्हणून तो संदेश कृपया पुढे पाठवू नये आणि पाठवला असल्यास त्याच गटावर हा खुलासा टाकावा.