फक्त सही मारा!

"सर, नकाशा तयारच आहे, तुम्ही फक्त सही-शिक्का मारा!" गोव्यात, म्हापशाच्या माझ्या आर्किटेक्टच्या ऑफिसात हे ऐकून ऐकून कान किटलेत. नकाशा कुणी काढला? कंत्राटदाराच्या भाच्याने. थ्रीडी चित्रं एआयची, इंटिरियर मुंबईची मंडळी बघणार, आणि फीचं विचारलं की "थोडं समजून घ्या."

त्या चित्रात सपाट छप्पर, पश्चिमेला अख्खी काच, वर वीतभर छज्जासुद्धा नाही. अहो, इथे वर्षाला जवळपास 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही आडवा! जुन्या लोकांनी उतरती मंगळुरी कौलं आणि पुढे बलकांव (दारापुढचा छपराखालचा बसायचा ओटा) काय हौस म्हणून बांधला? पहिल्याच जूनमध्ये त्या काचेवर निळी ताडपत्री चढते. (तिचा रंग चित्रात नसतो.)

1972चा आर्किटेक्ट्स कायदा आहे म्हणे आमच्या पाठीशी. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं, 'आर्किटेक्ट' म्हणवून घ्यायला नोंदणी लागते, डिझाईनचं काम करायला नाही. झालं! साईटवर वाट्टेल ते बदला, गळती लागली की फोन मला. जमीन रूपांतराची फाईल कुठल्या टेबलावर अडलीय तेही मीच शोधायचं.

आणि डिझाईन? ते रविवारी, लाईट असली तर.