पन्नास नॅनोसेकंदांची धास्ती

कमोडोर ६४ हा जुना घरगुती कॉम्प्युटर चालू केला आणि निळ्याऐवजी काळाकुट्ट पडदा दिसला, की माझ्या संशयाची सुई आधी मेमरीकडे वळते. तिथे ४१६४ जातीच्या आठ चिप्स ओळीने बसलेल्या असतात. प्रत्येक बाइटमधला एकेक बिट एकेकीच्या वाट्याला. त्यामुळे एक रुसली की आठही जणींचा संसार मोडतो. मॉडेल १९८२ चं. चाळिशी ओलांडलेल्या चिपने अंग टाकलं तर तिला बोल लावायला माझी जीभ धजत नाही. माझे गुडघे तरी कुठे सांगितल्यावर वाकतात!

खरा छळ नवी चिप (म्हणजे तितकीच जुनी, पण जिवंत) हातात आल्यावर सुरू होतो. तिच्या पाठीवर नंबर, नंबरापुढे डॅश आणि मग १५ किंवा २०. १५ म्हणजे उत्तर द्यायला १५० नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग), २० म्हणजे २००. आकडा जितका लहान तितकी चिप चपळ. पण छपाई विटलेली. एका हातात भिंग, दुसऱ्यात विजेरी, मान वाकडी, असा मी तो आकडा वाचू पाहत असताना मागून बायकोचा आवाज येतो, "पन्नास नॅनोसेकंदांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

नाहीच कोसळणार, हेच तर झोंबतं. या मशीनचं घड्याळ जेमतेम एक मेगाहर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला सुमारे दहा लाख फेरे. अर्ध्या फेऱ्यात चित्र काढणारी चिप मेमरी वाचते, अर्ध्यात प्रोसेसर. म्हणजे दोघांना सुमारे ५००-५०० नॅनोसेकंद. २०० वाली चिप त्यात उत्तर देऊन निवांत बसते. १२० वाली घातली तर तीही निवांतच बसते, फक्त जरा आधीपासून. गेम तसूभरही जास्त पळत नाही. बीबीसी मायक्रो या त्याच काळातल्या कॉम्प्युटरची गोष्ट वेगळी. तिथे मेमरीला सेकंदाला ४० लाख वेळा हाक जाते, आळशी चिपला थारा नाही.

खरी मेख भलतीकडेच आहे. या चिप्सना सतत उजळणी लागते, नाहीतर त्या सगळं विसरतात. काहींना १२८ ओळींची उजळणी दोन मिलिसेकंदांत हवी, काहींना २५६ ओळींची चार मिलिसेकंदांत. दुसऱ्या काही जुन्या कॉम्प्युटरांत ही उजळणी झेड-८० प्रोसेसर करतो, पण तो स्वतःहून ओळी मोजतो फक्त १२८ पर्यंत; २५६ वाली चिप तिथे अर्धी विसरणार. म्हणजे वेग तंतोतंत जुळला तरी स्मरणशक्तीशी छत्तीसचा आकडा! आणि हे पाठीवरच्या त्या डॅशपुढे कुठेच लिहिलेलं नसतं.

हे सगळं मी घरात उत्साहाने समजावून सांगितलं.

"दर दोन मिलिसेकंदांनी आठवण करून द्यायची?" बायको म्हणाली. "मग तुम्ही बरे. तुमचं दिवसातून चारदा केलं की भागतं."